वाद जिंकलो, पण मावशी गप्प झाली

आलेलं पत्र मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.

पत्र लिहिणारा मुलगा तिशीच्या आतला. नास्तिक. कॉलेजात असताना डिबेटच्या स्पर्धा गाजवलेल्या. दीड वर्षापूर्वी त्याच्या मावशीचे यजमान गेले. तेव्हापासून मावशी रोज रात्री झोपायच्या आधी काकांशी बोलते, दिवसभरात काय काय झालं ते त्यांना सांगते, आणि ते ऐकतात असं ती म्हणते. मध्यंतरी सगळे नातेवाईक जमले होते, त्यात हा विषय निघाला आणि ह्याने माणूस गेल्यावर मेंदूचं काय होतं इथून सुरुवात करून पाऊण तास मावशीचा एकेक मुद्दा खोडून काढला. शेवटी मावशी म्हणाली, "तू शिकलेला आहेस बाबा, तुझंच बरोबर असेल." नंतर मावसबहिणीकडून कळलं की मावशीने रात्रीचं बोलणं बंद केलंय, आणि तिला झोपही लागत नाही.

ह्याच्या मोठ्या भावाने कुणा गुरूंच्या सांगण्यावरून बीपीच्या गोळ्या सोडल्यात. आणि ऑफिसमधला एक मित्र आहे, वेगळ्या धर्माचा, पक्का श्रद्धाळू, त्याच्याशी दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत जोरदार वाद चालायचे, मावशीच्या प्रसंगानंतर ह्याने तेही थांबवलं. पत्राच्या शेवटी तो विचारतो, "ताई, मी खोटं तर काही बोललो नाही ना? मग खरं बोलल्याचं इतकं वाईट का वाटतंय? की आता ज्यांचं मत वेगळं आहे त्यांच्याशी बोलायचंच नाही? मग दादाला पण मरू द्यायचं का?"

मित्रा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मावशीच्या त्या एका वाक्यावर थांबले. "तू शिकलेला आहेस बाबा, तुझंच बरोबर असेल." तू पत्रात लिहिलंयस की "शेवटी तिला पटलं". मला नाही वाटत रे तिला पटलं. पटलेला माणूस असं बोलत नाही, पटलेला माणूस म्हणतो की हो, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, किंवा निदान पुढचा प्रश्न तरी विचारतो. मावशीने तुझा मुद्दा मान्य केला नाही, तिने तुझं शिक्षण मान्य केलं आणि हात टेकले. माणूस हरतो तेव्हाही त्याचं मत बदललेलं असतंच असं नाही, नुसतं बोलायचं बळ संपलेलं असतं, आणि समोरच्याला ते पटल्यासारखं दिसतं.

तू विचारलंस की खरं बोललो तर वाईट का वाटतंय. ह्या प्रश्नातच एक गोष्ट तू धरून चाललायस, ती अशी की बोलणं खरं असलं की आपण सुटलो, पुढे काय झालं ती आपली जबाबदारी नाही. एरवी तू असं वागतोस का? एखाद्याचा इंटरव्ह्यू वाईट गेला हे खरं असलं तरी तो बाहेर पडताक्षणी चार लोकांसमोर तू त्याला त्याच्या चुका वाचून दाखवत नाहीस. तिथे तुला कळतं की कुणाला, कधी, कुठे, कशासाठी, आणि त्याने विचारलं होतं का, हे सगळं धरून बोलणं बरोबर की चूक ते ठरतं. मग देवाधर्माच्या, मरणाच्या, श्रद्धेच्या विषयातच असं का वाटतं की फक्त खरं-खोटं बघितलं की झालं? मला वाटतं, तिथे आपल्याला समोर माणूस दिसत नाही, मत दिसतं. मतावर वार करताना मागे माणूस उभा आहे हे विसरायला होतं.

आणि मावशीच्या बाबतीत तर ते मतही होतं की नाही, मला शंका आहे.

वेल्समध्ये डेवी रीस नावाचे एक डॉक्टर होते, त्यांनी १९७१ साली एक अभ्यास छापला होता. जोडीदार गेलेल्या २९३ बायका-पुरुषांशी ते बोलले. त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना आपला गेलेला माणूस कुठल्या ना कुठल्या रूपात आसपास आहे असं जाणवत होतं, काहींना आवाज ऐकू यायचा, आणि काही जण स्वतः त्यांच्याशी बोलायचे. हे लोक वेडे नव्हते की आजारी नव्हते, आणि बहुतेकांना त्याने बरं वाटायचं. त्यातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे बहुतेकांनी हे आधी कुणालाही सांगितलं नव्हतं, जवळच्यांनाही नाही. का सांगितलं नसेल ते तुला आता कळेल. पुढे दुःखावर काम करणाऱ्यांनीही, विशेषतः १९९० नंतर, गेलेल्या माणसाशी नातं तोडलं म्हणजेच माणूस सावरला ही जुनी समजूत बरीचशी सोडून दिली. नातं वेगळ्या रूपात चालू ठेवून अनेक माणसं चांगली सावरतात.

म्हणजे मावशी रात्री बोलत होती तेव्हा ती मृत्यूनंतरच्या जीवनाबद्दल काही सिद्धांत मांडत नव्हती. ती नवऱ्याशी बोलत होती. ते ऐकतात असं ती म्हणाली, ते तू एक दावा म्हणून घेतलंस आणि दावा आला की पुरावा मागायचा हे तुझ्या अंगात मुरलंय. पण तुझ्याइतकेच पक्के नास्तिक असलेले लोकसुद्धा गेलेल्या आईच्या फोटोसमोर उभे राहून काहीतरी पुटपुटतात, त्यांना कुणी विचारलं की फोटो ऐकतो का तर ते नाहीच म्हणतील, आणि दुसऱ्या दिवशी परत पुटपुटतील. तू जे खोडलंस ते तिचं मत नव्हतं, तिची रात्र होती. आणि तिला झोप लागत नाहीये ह्याचं मला तरी काही आश्चर्य वाटत नाही.

हे मी तुला अजून अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाहीये. अपराधी वाटतंय म्हणूनच तर तू पत्र लिहिलंस. मला फक्त एवढंच हवंय की चूक नेमकी कुठे झाली ते तू बरोबर ओळखावंस, कारण चूक चुकीच्या जागी शोधलीस तर तू ज्याच्याशी वाद घालायला हवा त्याच्याशीही घालणार नाहीस, आणि ऑफिसमधल्या मित्राच्या बाबतीत ते आत्ताच झालंय.

माझ्या मते चूक ही की तिथे पणाला फक्त मावशीचं लागलं होतं. तू हरला असतास तर तुझं काय गेलं असतं? काहीच नाही, फार तर एक संध्याकाळ जरा खट्टू झाला असतास. ती हरली तर तिचं काय जाणार होतं ते आपण बघितलं. शिवाय तिने वाद मागितला नव्हता. विषय निघाला, ती दोन वाक्यं बोलली, आणि तिला कळायच्या आत ती पाऊण तासाच्या स्पर्धेत उभी होती, तीसुद्धा स्पर्धा जिंकण्याची सवय असलेल्या माणसासमोर, आणि बघायला सगळं घर. वेगळ्या मताच्या माणसाशी वाद घालताना मी स्वतःला दोनच गोष्टी विचारते, की हा माणूस ह्या वादात स्वतःहून उतरलाय का, आणि माझं स्वतःचं काही मी इथे टेबलावर ठेवलंय का. दोन्हीचं उत्तर हो असेल तर खुशाल कडाडून भांडावं. दोन्हीचं नाही असेल तर मी कितीही खरी असले तरी तो वाद नसतो, ती शिकार असते.

मिलिंदपञ्ह नावाचा एक पाली ग्रंथ आहे, त्यात मिलिंद राजा, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, आणि नागसेन भिक्खू ह्यांचे संवाद आहेत. राजा चर्चा करूया म्हणतो तेव्हा नागसेन त्याला सांगतो की पंडितांसारखी चर्चा करणार असशील तर करतो, राजासारखी करणार असशील तर नाही. राजा विचारतो, फरक काय? तर तो सांगतो, पंडित एकमेकांचे मुद्दे उलगडतात, खोडतात, चूक कबूल करतात आणि तरी कुणी चिडत नाही. राजा एक मत मांडतो आणि जो विरोध करेल त्याला शिक्षा करायला सांगतो. आता तू म्हणशील मी कुठला राजा, मी तर घरातला सगळ्यात लहान. पण त्या संध्याकाळी राजा तूच होतास रे. शब्द तुझ्याकडे, माहिती तुझ्याकडे, सवय तुझ्याकडे, बाकीचे सगळे तुझ्या हुशारीचं कौतुक करणारे. तिने "तू शिकलेला आहेस" म्हटलं ते उगाच नाही. तुझा राजदंड तिला बरोबर दिसला, फक्त तुला दिसला नाही.

हे फक्त नास्तिकांनाच लागू आहे असं अजिबात नाही हं, हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण उलट बाजूचे असतील. देव न मानणाऱ्या सुनेला रोज जेवताना पकडून सगळ्या घरादाराने समजावत बसणं, ती उत्तर देऊ शकत नाही हे माहीत असताना, हेही तेच आहे. तिथे राजदंड नात्याचा आहे एवढंच.

आता तुझं दुसरं गृहीत. पत्रात तू एका ठिकाणी लिहिलंयस, "माझी मतं विचार करून बनलीत, तिची लहानपणापासून मनावर बिंबवलेली आहेत." हे थोडं तपासून बघूया का? तुझ्या विज्ञानावरच्या विश्वासाबद्दल मला आदर आहे, माझाही आहे. पण मेंदूबद्दल तू मावशीला जे सांगितलंस त्यातलं किती तू स्वतः तपासलंस? तू वाचलंस, चांगल्या शिक्षकांवर, चांगल्या पुस्तकांवर विश्वास ठेवलास, आणि बरोबर केलंस, कारण ते लोक त्यांचं काम एकमेकांकडून तपासून घेतात. ह्याचा अर्थ दोन्ही मतं सारखीच असा नाही, पुराव्याचं वजन असतंच, ते मी कधीच नाकारणार नाही. पण तुझ्याही मतांत विश्वासाचा, ज्या घरात वाढलास त्याचा, ज्या मित्रांत उठतोस-बसतोस त्याचा भरपूर वाटा आहे. आणि मावशीनेही पन्नास-साठ वर्षं आयुष्य बघून काही विचार केलेला असू शकतो जो तुझ्यासारखा पटापट मांडता येत नाही. मांडता न येणं म्हणजे विचार नसणं नव्हे. हे एकदा मनात नीट बसलं की समोरच्याशी बोलायचा आपला सूरच बदलतो.

पण म्हणून गप्पच बसायचं का, तर नाही, आणि इथे मी तुझ्या बाजूने बोलणार आहे. कारण गप्प बसण्यातही एक वाईट प्रकार असतो, "जाऊ दे, त्यांना काय कळणार" असा. वरवर तो समंजसपणा दिसतो पण आत तुच्छता असते. समोरच्याला आपण वाद घालण्याच्या लायकीचाही समजत नाही. मनापासून घातलेला वाद हा खरंतर मोठा मान असतो, मी तुला इतकं मानतो की तुझं मत मी गंभीरपणे घेतो, त्याला विरोध करायची तसदी घेतो. तुझ्या ऑफिसमधल्या मित्राला तू हा मान दोन वर्षं देत होतास, आणि एक दिवस काही न सांगता काढून घेतलास. त्याला काय वाटलं असेल? त्याला वाटलं असेल की हा आपल्यामुळे दुखावलाय, किंवा ह्याला आता आपली कीव येते. त्याच्याकडे परत जा. त्याला सांग, का थांबलो होतो ते. तो स्वतःहून उतरलाय, तो तुझ्या तोडीचा आहे, तो तुझेही मुद्दे खोडतो, तुमच्यात कुणी राजा नाही. अशा माणसाशी वाद घालणं चूक तर नाहीच, पण असा माणूस मिळणं फार कठीण असतं.

न्यायसूत्रांमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत, वाद, जल्प आणि वितंडा. मराठीत आपण वितंडवाद हा शब्द नुसत्या निरर्थक भांडणाला वापरतो पण मूळ अर्थ जास्त नेमका आहे. वाद म्हणजे खरं काय ते शोधायला दोघांनी मिळून केलेली चर्चा, प्रमाणं आणि तर्क वापरून. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी, त्यात शब्दच्छल वगैरे सगळं चालतं. आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू काहीच मांडायची नाही, फक्त समोरच्याची पाडायची. मावशीशी तू केलीस ती ह्या अर्थाने वितंडा. तिचं पाडलंस, पण नवरा गेलेल्या बाईने रात्री साडेदहाला त्या रिकाम्या खोलीत काय करायचं ह्याबद्दल तुझं स्वतःचं काही म्हणणं होतं का? नव्हतं. मोडून निघून आलास. पण त्याच ग्रंथात असंही आहे की जल्प आणि वितंडा अगदीच टाकाऊ नाहीत, उगवणाऱ्या कोंबाला जपायला जसं काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात तसा त्यांचा उपयोग आहे. म्हणजे कुणी लबाडीने, जाणूनबुजून लोकांना फसवत असेल तर तिथे काटे लागतात. भर सभेत खोटं पसरवणारा माणूस आणि स्वतःच्या खोलीत नवऱ्याशी बोलणारी मावशी, दोघांना एकच हत्यार कसं चालेल? कुंपण जनावरांसाठी घालायचं असतं, कोंबावर नाही टाकायचं.

मित्राशी परत सुरू कराल तेव्हा एक गोष्ट करून बघा. आपल्या जुन्या ग्रंथांमध्ये पूर्वपक्ष मांडायची पद्धत आहे, आधी समोरच्याचं म्हणणं पूर्ण ताकदीने मांडायचं, मग उत्तर द्यायचं. तुम्ही ते तोंडी करा. त्याचं म्हणणं तू मांड, आणि तो "हो, मला हेच म्हणायचंय" असं म्हणेपर्यंत तुला उत्तर द्यायची परवानगी नाही. मग उलट. पहिल्या वेळी जेवणाची सुट्टी ह्यातच संपेल, संपू दे. दुसरं म्हणजे का मानतोस असं विचारण्यापेक्षा हे नेमकं कसं घडतं ते टप्प्याटप्प्याने सांग असं विचारावं. फर्नबाख आणि त्याच्या सहकाऱ्यांचा २०१३ सालचा एक अभ्यास आहे सरकारी धोरणांवरच्या मतांचा, त्यात लोकांना आपल्या मताची कारणं द्या म्हटलं तर ते जिथे होते तिथेच राहिले, पण हे धोरण प्रत्यक्षात कसं काम करेल ते पायरीपायरीने समजावा म्हटलं तर त्यांचं त्यांनाच कळलं की आपल्याला वाटत होतं तेवढं आपल्याला समजलेलं नाही, आणि मतं जरा मवाळ झाली. धोरणांचं श्रद्धेला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. पण हा प्रश्न मित्राला विचारायच्या आधी स्वतःला विचारून बघ, नीतीबद्दल, चांगलं-वाईट कुठून येतं ह्याबद्दल. मी जेव्हा जेव्हा असं केलंय तेव्हा माझी चार वाक्यांच्या पुढे गाडी गेलेली नाही.

आणि चरकसंहितेतलं एक सांगते, वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी ह्यावर त्यातल्या विमानस्थान नावाच्या भागात सविस्तर लिहिलंय. एक संधाय संभाषा, म्हणजे सलोख्याने, आणि एक विगृह्य संभाषा, म्हणजे विरोधाने. सलोख्याची चर्चा कुणाशी करावी, तर ज्याला विषय कळतो, बोलता येतं, जो चिडत नाही, ज्याच्या मनात असूया नाही. आणि ती करताना हरण्याची भीती बाळगू नये, समोरच्याला निरुत्तर केलं तर त्याचा आनंद मानू नये आणि बाहेर जाऊन त्याच्या बढाया मारू नयेत. हे शेवटचं तुला लागेल कदाचित, कारण तूच लिहिलंयस की मावशीचा किस्सा त्याच रात्री तू मित्रांना फोन करून सांगितलास. मला ते वाचून त्रास झाला, पण तू ते लपवलं नाहीस ह्याचं बरंही वाटलं.

आता दादा. इथे मात्र घाई आहे, म्हणून हे नीट वाच.

मावशीच्या श्रद्धेने कुणाचं काही बिघडत नव्हतं. दादाच्या श्रद्धेने दादाचं बिघडू शकतं. त्यामुळे इथे बोलायला तर हवंच, तू गप्प बसलास तर ती सहिष्णुता नाही, टाळाटाळ आहे. पण तू आत्तापर्यंत काय केलंस, तुझ्या पत्रावरून दिसतंय की तू गुरू खरे की खोटे ह्यावर भांडतोयस. त्यात तू जिंकणार नाहीस. म्हणजे समजा जिंकलासही, तरी दादाला गोळी घ्यायची तर आधी गुरू सोडावे लागतील, आणि गुरूंबरोबर तिथली माणसं, तिथला मान, मनाला मिळणारी शांती, सगळंच. एका गोळीसाठी एवढी किंमत तू त्याच्याकडे का मागतोयस? गोळी आणि गुरू वेगळे कर. "दादा, तुझ्या श्रद्धेबद्दल मी इथून पुढे एक शब्द बोलणार नाही, तू तिथे जात राहा, मला फक्त तुझ्या बीपीबद्दल बोलायचंय." आणि मग खरंच बोलू नकोस, एकदाही, चेहऱ्यावरही येऊ देऊ नकोस.

दादा म्हणतो ना, गोळ्या सोडल्या तरी मला काही होत नाहीये? बीपीचा सगळा घोळच हा आहे की बहुतेकांना काही जाणवतच नाही, आणि आत मेंदूच्या, हृदयाच्या, किडनीच्या रक्तवाहिन्यांवर ताण पडत राहतो. काही गोळ्या तर अशा असतात की अचानक सोडल्या की बीपी उसळी मारतं. म्हणून आधी मोजायला लाव, पण मोजायच्या आधी दोघांनी मिळून ठरवा की कुठला आकडा आला तर काय करायचं. तो आकडा तू ठरवू नकोस, गुरूंनीही नको, दादाच्या डॉक्टरांना विचारा. दोन आठवडे रोज ठरलेल्या वेळी, पाच मिनिटं शांत बसून, लिहून ठेवा. आणि इथे तुलाही काहीतरी पणाला लावावं लागेल, आकडे खरोखर चांगले आले तर "मशीन बिघडलंय" म्हणायचं नाही, "बरे आलेत, चल आता हेच कागद डॉक्टरांना दाखवू, कमी करायच्या की कसं ते ते सांगतील" असं म्हणायचं. पण आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि बरोबर छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं असं काही असेल, तर तिथे चर्चा नाही, सरळ हॉस्पिटल.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात असंच काही लहान मुलाच्या बाबतीत चालू असेल, म्हणजे आईबापांच्या श्रद्धेपायी मुलाचं इन्सुलिन बंद केलंय वगैरे, तर तिथे मन वळवत बसायला वेळ नसतो. अशा मुलाची तब्येत काही दिवसांत, कधी त्याहून लवकर, जिवावर बेतण्याइतकी बिघडू शकते. दादा मोठा आहे, त्याच्या शरीराचा शेवटचा निर्णय त्याचा. मूल वादात उतरलेलं नाही, त्याला उतरता येतही नाही. तिथे आधी डॉक्टर, मग बाकीचं सगळं.

लोकांची मतं बदलतच नाहीत असंही तू वैतागून लिहिलंयस. बदलतात रे, पण आपण समजतो तशी नाही. ब्रूकमन आणि कॅला ह्या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग छापला होता, मायामीत स्वयंसेवक घरोघरी गेले आणि ट्रान्सजेंडर लोकांबद्दल दहाएक मिनिटं बोलले. उपदेश नाही, आकडेवारी नाही. समोरच्याला विचारायचं की तुला कधी कुणी तू वेगळा आहेस म्हणून वाईट वागवलंय का, ते ऐकायचं, आपलंही सांगायचं. सगळे बदलले असं नाही, पण एकूण पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम निदान ३ महिने टिकला. नंतरच्या कामात त्यांना दिसलं की ह्यातला कळीचा भाग म्हणजे एकमेकांचे अनुभव न हिणवता ऐकणं. मात्र एक सावध करते. हे वाचून "अच्छा, म्हणजे आधी ऐकायचं नाटक करायचं आणि मग हळूच आपलं पटवायचं" असा अर्थ काढू नकोस. ऐकणं ही ट्रिक झाली की लोकांना ते कळतं, आणि ते त्या पाऊण तासाच्या वादापेक्षा वाईट, कारण वादात निदान तू समोरून तरी आला होतास. ऐकायचं तर आपलंही काही बदलू शकतं ही तयारी ठेवून ऐकायचं, नाहीतर सरळ सांगावं की मला हे पटत नाही आणि विषय बदलावा.

आता मावशीकडे जायचं. मला माहितीय, पत्रात तू हे विचारलं नाहीस, पण सगळं पत्र त्याच्याचभोवती फिरतंय.

एकटा जा, घरात कुणी नसेल अशा वेळी. बाकीच्यांसमोर तिला हरवलंस म्हणून बाकीच्यांसमोरच माफी मागावी असं वाटेल, पण आधी एकट्याने. नंतर सगळ्यांसमोर बोलायचं तर ते तिला विचारून. आणि तिथे जाऊन खोटं बोलू नकोस. "मावशी, मी चुकलो, काका ऐकतात" असं म्हणालास तर तिला लगेच कळेल की हा आता मला लहान मुलासारखं समजावतोय, आणि तो दुसरा अपमान होईल. तुझं मत तुझ्याकडे राहू दे. सांग की, "मला जे वाटतं ते वाटतं, पण त्या दिवशी मी जे केलं ते चुकीचं होतं. तू मला विचारलं नव्हतंस. तू काकांबद्दल बोलत होतीस आणि मी माझी हुशारी दाखवत बसलो." एवढंच. पण, तरी, अर्थात, असले शब्द ह्याच्यापुढे लावू नकोस. आणि तू परत बोलायला लाग असंही तिला सांगू नकोस, ते तिचं तिला ठरवू दे, नाहीतर तुझं ओझं उतरावं म्हणून तिला काहीतरी करावं लागेल.

कदाचित ती तुला विचारेल, "खरं सांग, तुला वाटतं का रे ते ऐकत असतील?" तिने विचारलं तर तिथे उत्तर द्यायचं, कारण आता ती स्वतः विचारतेय. पाऊण तास नाही, एक वाक्य. "मला नाही वाटत मावशी, पण तू त्यांच्याशी बोलतेस ह्यात मला काही चूक दिसत नाही." आणि मग गप्प बसायचं, ती जे बोलेल ते ऐकायचं. कदाचित ती तुला सुनावेल, कदाचित तिचे मुद्दे त्या दिवशीपेक्षा चांगले असतील, तेव्हा सवयीने तोंड उघडायला होईल. नको उघडूस. कदाचित ती काहीच बोलणार नाही आणि विषय बदलेल. तसं झालं तर तूही विषय बदल, आणि थोड्या दिवसांनी परत जा, माफी मागायला नाही, असाच.

झोपेचं मात्र मावसबहिणीच्या कानावर घाल. अजून काही आठवडे झोप नाही, खाणं कमी, कशातच मन नाही असं दिसलं तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवायला हवं, आणि ते तू पुढाकार घेऊन नाही, तिने किंवा मावशीच्या जवळच्या कुणीतरी.

तू लिहिलंयस की काकांनी तुला सायकल शिकवली होती आणि पहिल्या डिबेटचं बक्षीस घेताना बघायला तेच एकटे आले होते. हे तू मावशीला कधी सांगितलंयस का? त्या पाऊण तासात काकांचं नाव तू किती वेळा घेतलंस ते मला माहीत नाही, पण ही गोष्ट नक्की आली नसणार. मावशीला दीड वर्षात काकांबद्दल नवीन काही ऐकायला मिळालं नसेल, सगळे तिला जपून बोलत असतील. त्या बक्षिसाच्या दिवसाचा काकांबरोबरचा एखादा फोटो असेल तर शोध, आणि फोनमधला दाखवू नकोस, छापून घेऊन जा.